राखून ठेवलेलं दीपगृह

सामान बांधून झालं होतं. भिंतींवर नुसते खिळे उरले होते, पडदे उतरवल्यामुळे घर उघडंबोडकं दिसत होतं, आणि बाई एका खोक्यावर बसून बिनबशीचा चहा पीत होत्या. बशा कुठल्या खोक्यात गेल्या, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ट्रक संध्याकाळी यायचा होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी थोरल्या मुलाबरोबर त्याच्या शहरात कायमचं राहायला जायचं, असं ठरलं होतं. तिथे समुद्र नाही. बाकी सगळं आहे म्हणे.

तेवढ्यात थोरल्याने टाळी वाजवली. "चला! आज सगळ्यांनी फिरायला जायचं. बाबा न्यायचे ना, अगदी तसंच. आधी मासे, मग आगगाडी, मग बोट आणि शेवटी दीपगृह!"

"दीपगृह?" बाई म्हणाल्या.

"हो. आणि या वेळी वर जायचं. बाबांची एवढी एकच इच्छा राहून गेली, ती आज पुरी करू." त्याने खिडकीतला वडिलांचा छोटा फ्रेममधला फोटो उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. "बाबांनाही वर न्यायचं."

बाईंना असा ठसका लागला की चहा नाकात गेला. धाकटी मुलगी धावली, पाठीवरून हात फिरवायला लागली. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते. "दादा, किती छान सुचलं रे तुला," ती म्हणाली. "बघ, आईला कसं भरून आलं."

भरून कसलं आलं! बाईंना हसू आलं होतं, आणि हसूच्या मागोमाग रडू, आणि दोन्ही एकदम बाहेर पडायला बघत होती म्हणून ठसका. पण हे सांगणार कसं? ते सांगायचं तर जे सांगायचं नाही तेच सांगावं लागलं असतं.

आता ते काय होतं, हे कळायला जरा मागे जायला हवं.

बाईंना सगळी गल्ली बाईच म्हणायची. मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आवाज असा की मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं तर त्या टोकाचा माळीसुद्धा ताठ उभा राहायचा. लहानपणी त्या झाडावरून उतरायच्या नाहीत म्हणून आई खाली काठी घेऊन उभी राहायची. आणि त्यांचं लग्न झालं ते एका घड्याळजीशी. घड्याळजी म्हणजे शांत माणूस. बाजारातल्या जिन्याखालच्या अरुंद दुकानात दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे. तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर बसवायचे आणि हात म्हणून कापायचा नाही. लोक म्हणायचे, जोडा काय जमलाय, एक धावतेय आणि एक बसलाय. पण जमला होता, आणि चांगला जमला होता.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी घड्याळजी घरच्यांना फिरायला न्यायचे. त्या दिवशी मनगटाला घड्याळ बांधायचं नाही, हा त्यांचा नेम. "आठवडाभर लोकांच्या वेळा सांभाळतो, आज मला वेळेशी कर्तव्य नाही," म्हणायचे. पहिल्यांदा मत्स्यालय. तिथे निळ्या अंधारात पोरं शार्कच्या काचेला नाक लावून उभी राहायची, आणि घड्याळजी मात्र कोपऱ्यातल्या टाकीपुढे. त्या टाकीत वाळूला चिकटलेला एक चपटा मासा असायचा. "हा खरा शहाणा," ते म्हणायचे, "तळ सोडत नाही." मग किनाऱ्याची छोटी आगगाडी. तिच्या डब्यात गुडघे हनुवटीला लावून बसायचे, आणि बोगदा आला की पोरांच्या आधी हेच किंचाळायचे. मग बंदरातली बोटीची फेरी, बोटीच्या पुढच्या टोकाला उभं राहून तोंडावर खारं पाणी घ्यायचं. आणि शेवटी दीपगृहासमोरच्या बाकावर बसून आइस्क्रीम.

आइस्क्रीम संपत आलं की थोरला विचारायचा, "बाबा, आता दीपगृह?"

घड्याळजी मान वर करून त्या पांढऱ्या मनोऱ्याकडे बघायचे. टोकाशी लोखंडी कठडा, कठड्यावर मुंगीएवढी माणसं. बघायचे आणि म्हणायचे, "आज नको. सगळं एकाच दिवशी बघून टाकलं, तर परत यायचं कशाला? एक राखून ठेवावं."

कधी म्हणायचे, वारा फार आहे. कधी म्हणायचे, बंद व्हायची वेळ झाली असेल. घड्याळजीला वेळ माहीत नाही, हे पोरांना कधी खटकलं नाही. आणि अगदीच घोडं अडलं तर बाई पुढे व्हायच्या. "माझे गुडघे आज कुरकुर करतायत रे." आदल्या दिवशी मैदानाला फेऱ्या घालणाऱ्या बाई! पण मुलांना आईचं सगळं खरं वाटतं, निदान काही वर्षं तरी.

असं करत करत त्या राखून ठेवण्याचा घरात रिवाजच झाला. डब्यात शेवटचं बिस्किट उरलं की धाकटी म्हणायची, "मी दीपगृह ठेवलंय, कुणी खाऊ नका." गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान दुसऱ्या दिवसासाठी राहायचं, ते दीपगृह. परीक्षेत एक गणित सोडून आला तेव्हा थोरल्याने घरी येऊन हेच कारण सांगितलं आणि त्याबद्दल कान पिळून घेतला. आणि एक पक्का नियम होता: खरं दीपगृह बघायचं ते चौघांनी मिळून. एकट्यादुकट्याने जायचं नाही.

खरी गोष्ट काय होती, ते दोघांनाच ठाऊक. लग्न नवं होतं तेव्हा एका दुपारी दोघंच दीपगृहावर गेले होते. आत गोल फिरत जाणारा लोखंडी जिना, आणि पायऱ्या जाळीच्या. पाय ठेवला की पायाखालून थेट तळ दिसतो. बाई पदर खोचून हरणासारख्या वर पळाल्या. पहिल्या वळणावर मागे बघतात तर नवरा नाही. खाली आल्या. घड्याळजी खालच्याच काही पायऱ्यांवर कठड्याला मिठी मारून उभे होते. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने चिंब. ज्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवायचे ते हात लटलट कापत होते.

बाईंनी एकेक बोट सोडवून त्यांना खाली आणलं, बाकावर बसवलं, पाणी पाजलं. मग ते बोलले. "लहानपणापासून असं होतं. उंचावर गेलं की हातपायच गळतात. तू जा वर, मी बसतो इथे."

"एकटी काय बघू?" बाई म्हणाल्या, आणि शेजारी बसल्या.

मुलं झाली तेव्हा एकदा त्याच बाकावर त्यांनी बाईंचा हात धरला. "एक कर. पोरांना हे कळू देऊ नकोस. बाप कशाला तरी घाबरतो, हे पोरांना कशाला?" बाईंनी शब्द दिला, आणि पाळला. थोडेथोडके दिवस नव्हे, जन्मभर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि बाईंचं काय? खोटं कशाला बोला, बाईंना वर जायचं होतं. फार फार जायचं होतं. त्या कठड्याशी उभं राहून सगळा समुद्र एकदम कसा दिसत असेल, हे त्या दर सुट्टीला मनातल्या मनात बघायच्या आणि आइस्क्रीम चाटायच्या. दुधाची तहान ताकावर. शेवटच्या आजारपणात घड्याळजींनी स्वतःच विषय काढला होता. "तू जायला हवं होतंस गं वर. माझ्यापायी राहिलीस."

"पुरे झालं. एकटीने काय मजा?"

"एकटी कशी? मी खाली होतोच की. मला खालून दिसली असतीस."

मग ते गेले, आणि त्यानंतर बाईंनी त्या बाकाकडे पाऊलच टाकलं नाही.

आणि आज हा थोरला, घड्याळजींना टॉवेलात गुंडाळून मनोऱ्यावर चढवायला निघाला होता! जो माणूस नातेवाइकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कधी गेला नाही, 'मला आतच बरं वाटतं' म्हणून भिंतीला पाठ लावून बसला, त्याला मेल्यावर तरी सुखाने राहू देतील की नाही?

"अरे, फोटोला कशाला उगीच दगदग?" बाईंनी म्हणून बघितलं.

"आई, तू काहीच बोलू नकोस. तुझे गुडघे सांभाळून नेतो आम्ही. घाई नाही."

गुडघे! स्वतःच पेरलेलं उगवलं होतं.

सून ट्रकची वाट बघत घरी थांबली. निघाले चौघं: बाई, थोरला, धाकटी आणि थोरल्याची आठ वर्षांची लेक. तिला सगळे टकळी म्हणायचे. कारण सांगायला नको, तिच्या तोंडाची टकळी झोपेतच काय ती थांबायची. आणि पोरगी धीट. झोपाळा उंच हवा, कुत्रा मोठा हवा. बाईंचा त्या पोरीवर जीव होता.

मत्स्यालय आता नवंकोरं झालं होतं, काचेचा बोगदा आणि डोक्यावरून पोहणारे मासे. पण कोपऱ्यातली ती टाकी तशीच होती, आणि वाळूला चिकटलेला एक चपटा मासाही. तोच कसा असेल? त्याचा नातू-पणतू असेल. थोरल्याने पिशवीतून फोटो काढून टाकीसमोर धरला. "बाबा, तुमचा दोस्त." शेजारच्या कुटुंबातली आई चमकून बघायला लागली, आणि धाकटी लाजून चूर झाली.

"आजी, हा मासा पोहत का नाही?" टकळीने विचारलं.

"त्याला तळाशी बरं वाटतं."

"का? घाबरतो?"

"आवड असते एकेकाची," बाई म्हणाल्या, आणि काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला तो बघून घाईघाईने पुढे गेल्या.

आगगाडीच्या डब्यात थोरल्याचे गुडघे हनुवटीला लागले. अगदी बापासारखे. बोगद्यात तो मोठ्याने किंचाळला, अगदी बापासारखा, आणि बाहेर उजेडात आल्यावर त्याचे डोळे ओले होते. वारा लागला, म्हणाला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढा बाप्या माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण पाठ तशीच, शाळेतून येऊन दप्तर टाकायचा तेव्हाची.

बोटीत तो बाईंशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "आई, तुला एक सांगू? शाळेची सहल आली होती इथे. सगळी मुलं दीपगृहावर गेली. मी नाही गेलो."

"का रे?"

"चौघांनी मिळून जायचं होतं ना. मी बाकावर सगळ्यांची दप्तरं राखत बसलो. मुलं भित्रा म्हणाली, वर्षभर चिडवत होती. पण मी नाही गेलो. बाबांच्या आधी कसा जाणार?"

हे त्यांना माहीतच नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. एका माणसाची लाज झाकायची म्हणून दोघांनी मिळून पांघरूण घातलं, आणि त्या पांघरुणाखाली हे पोरगं वर्षभर दुसऱ्याच्या वाट्याचं नाव सोसत बसलं होतं. "सांगायचं नाहीस का रे तेव्हा," एवढंच त्या म्हणाल्या. समोर मनोरा जवळ येत होता. सांगून टाकावं का? ओठांवर आलं होतं. पण शब्द दिला होता, आणि ज्याला दिला तो परत मागायला येणार नव्हता.

दीपगृहाला नवा पांढरा रंग दिला होता. बाक मात्र तोच, रंगावर रंग चढून जाड झालेला. आइस्क्रीमच्या दुकानात आता कॉफी मिळत होती. टकळीला मात्र कशाचंच देणंघेणं नव्हतं. ती आधीच दारात पोचली होती आणि तिथूनच ओरडत होती, "मी पहिली! वर गेल्यावर आपलं घर दिसेल? आजी, शाळा दिसेल तुझी? वरून थुंकलं तर—"

"थुंकायचं नाही!" धाकटी मागून ओरडली.

चढायला सुरुवात झाली. पुढे टकळी, मग थोरला पोटाशी पिशवी धरून, मग बाई, शेवटी धाकटी. पहिल्याच पायरीवर बाईंचे पाय आपोआप हलके झाले. गुडघे थोडे बोलले, पण संपावर गेले नाहीत. जाळीतून खाली तळ दिसत होता, वरून उजेडाचा झोत येत होता, लोखंडाला खारट वास होता. इतकी वर्षं! अहो, येऊ का वर? बाईंनी मनात विचारलं. आणि लगेच वाटलं, पण तुम्ही तर त्या पिशवीत, तुमचे काय हाल होत असतील!

पहिलं वळण झालं आणि बाईंच्या लक्षात आलं, की आवाज थांबलाय. टकळी बोलत नव्हती.

त्यांनी वर बघितलं. पोरगी मधल्याच पायरीवर उभी होती. दोन्ही हातांनी कठडा असा आवळलेला की बोटांची पेरं पांढरी झाली होती. नजर जाळीतून खाली खिळलेली.

"चल गं, पुढे हो," थोरला म्हणाला.

ती हलली नाही.

"चल ना बाळा, मागे लोक येतायत."

"बाबा, मला... पाय उचलत नाहीये."

"असं काय करतेस? एवढी धीट तू! आजोबा जन्मभर इथे यायला तरसले, ठाऊक आहे? आणि त्यांची नात अशी घाबरट? त्यांना काय वाटेल?"

टकळीचा चेहरा कसाबसा वळला. "मी घाबरट नाहीये," ती म्हणाली, आणि रडायला लागली. आवाज न करता, नुसते डोळे गळत होते. घाबरल्याचं नव्हतं ते रडू. लाज वाटल्याचं होतं. बाईंनी आयुष्यभर मैदानावर मुली बघितल्या होत्या, दोन रडण्यांमधला फरक त्यांना बरोब्बर कळत होता.

बाईंना काय वाटलं म्हणून सांगू! तीच बोटं. तोच पांढरा चेहरा. फक्त हात इवले. खाण तशी माती म्हणतात ते उगाच नाही. आणि वर बापाच्या तोंडी 'आजोबांना काय वाटेल'! त्या आजोबांच्या नावानेच पोरीला लाजवायचं? एका शब्दापायी थोरल्याने वर्षभर चिडवून घेतलं होतं. आता ही.

माफ करा हो, बाई मनात म्हणाल्या. शब्द मोडतेय.

"थांब," त्या मोठ्याने म्हणाल्या, मैदानावरच्या आवाजात. मनोरा दुमदुमला. वरून उतरणारं एक जोडपं होतं तिथेच उभं राहिलं. "तिला काही बोलू नकोस. ती अगदी आजोबांची नात आहे. तुझे बाबा याच जिन्यावर, हिच्याहून चार पायऱ्या खालीच, असेच गोठले होते. मी सोडवून आणलं त्यांना. उंचीची भीती होती त्यांना. जन्मभर होती."

थोरला बघतच राहिला. "कुणाला? बाबांना?"

"हो, तुझ्या बाबांना."

"पण... राखून ठेवायचं... परत यायला कारण हवं..."

"ती त्यांनी काढलेली सबब. पहिल्यांदा सुचली, तुम्हाला आवडली, मग तीच चालू राहिली."

"आणि तुझे गुडघे?"

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत."

थोरल्याने जिन्यावरच बसकण मारली. पिशवी मांडीवर. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं! "मी सहलीत खाली बसलो होतो, आई," तो म्हणाला. आवाज चढला. "मला भित्रा म्हणायचे! मी त्यांच्यासाठी बसलो होतो! आणि ते—"

"ते त्याच बाकावर बसायचे. फक्त त्यांची दप्तरं म्हणजे आपण." बाई त्याच्याजवळच्या पायरीवर टेकल्या. "चुकलं आमचं. त्यांना वाटलं, बाप घाबरतो हे पोरांना कळलं तर पोरं खचतील. मीही मान डोलावली. तेव्हाच सांगितलं असतं तर तू पोरांना ठणकावून सांगितलं असतंस, हो, माझे बाबा घाबरतात, मी नाही घाबरत."

थोरल्याने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. बाईंना वाटलं रडतोय. तर हा हसत होता. "वारा फार आहे," तो म्हणाला. "पानसुद्धा हलत नसायचं आणि म्हणायचे, वारा फार आहे! आणि बंद व्हायची वेळ! भर दुपारी! आम्ही काय गाढव होतो का गं?"

"होतातच," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाही आवरेना. सकाळी ठसक्यात अडकलेलं सगळं हसू एकदम सुटलं, आणि डोळ्यांतून पाणी.

"दादा," खालून बारीक आवाज आला. सगळे विसरलेच होते, की धाकटी मागे आहे. ती पहिल्या वळणाच्याही खाली, भिंतीला पाठ चिकटवून उभी होती. "दादा, मी एकदा तरी वर जायचा हट्ट केला होता का रे? आठवून बघ."

"तूसुद्धा?"

"मला तर बाबांचा तो नियम फार आवडायचा. देवच पावायचा दर वेळी."

आता मात्र टकळीलाही रडता रडता हसू आलं. नाक पुसत तिने विचारलं, "आजी, आजोबा खरंच माझ्यासारखे घाबरायचे?"

"तुझ्याहून जास्त. आणि तरी बोटीच्या टोकाला उभे राहायचे, रात्रीबेरात्री दुकानात चोर शिरला तेव्हा एकटेच गेले. माणूस एका गोष्टीला घाबरतो म्हणून घाबरट होत नाही बाळ."

"मग मी खाली जाऊ?"

बाईंनी वर चढून तिचं एकेक बोट सोडवलं. हात जुनंच काम करत होते. "जा. आत्याबरोबर बाकावर बस. आणि हे बघ." थोरल्याच्या मांडीवरची पिशवी घेऊन त्यांनी टॉवेल उलगडला. घड्याळजी हसत होते, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, फोटोवाल्याच्या स्टुलावर बसून, पाय जमिनीला घट्ट टेकून. "आजोबांना घेऊन जा खाली. त्यांना वर मुळीच यायचं नाहीये. त्यांना सोबत हवी, ती तू दे."

टकळीने फ्रेम छातीशी धरली. आत्याने तिचा हात धरला की तिने आत्याचा, हे सांगणं कठीण होतं. दोघी एकेक पायरी चाचपत उतरल्या, आणि तळाशी पोचताच टकळी सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू आला.

"आई, आपणही जाऊ या का खाली?" थोरल्याने विचारलं. "चौघांनी मिळून जायचं होतं..."

बाई उठल्या. "तू खाली जातोस तर जा. मी वर चाललेय."

आणि चालल्या. थोरला मागून 'हळू, अगं हळू' म्हणत धापा टाकत होता. शेवटच्या वळणाला वारा अंगावर आला, खरोखरचा वारा, आणि दार ढकलून बाई कठड्यापाशी आल्या.

केवढा समुद्र! खालून दिसतो त्याच्या कितीतरी पट. बंदर, बोटी, किनाऱ्याने वळत जाणारी ती छोटी आगगाडी, मत्स्यालयाचं हिरवं छप्पर, आणि पलीकडे घरांच्या दाटीत कुठेतरी आज रिकामं होणारं घर. थोरला बोट दाखवून काहीबाही सांगत होता. बाईंनी ते सगळं बघितलं, मनसोक्त बघितलं. मग कठड्यावर वाकून त्यांनी सरळ खाली बघितलं.

बाक केवढासा दिसत होता. त्यावर दोघी बसल्या होत्या. इतकी वर्षं त्या बाकावरून वर बघितलं होतं, वरून बाक कसा दिसतो हे ठाऊकच नव्हतं. टकळी पाय हलवत होती, तोंड चालूच असणार. वर बघत नव्हती.

बाईंनी पर्समधून घराच्या किल्ल्या काढल्या. उद्या त्या नव्या माणसांच्या हाती द्यायच्या होत्या. पण त्या जुडग्यात अजून ती शिट्टी होती, शाळेची. बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि अशी शिट्टी मारली, की कठड्यावरची चार माणसं दचकून मागे सरली आणि थोरल्याने कान झाकले.

खाली टकळीने मान वर केली. हात हलवला. मग काय वाटलं पोरीला कोण जाणे, ती बाकावर चढून उभी राहिली, दोन्ही हातांनी फ्रेम डोक्यावर उंच धरली आणि फोटोचं तोंड मनोऱ्याकडे केलं.

बाईंनी डोळे पुसले नाहीत. एका हाताने कठडा धरून त्यांनी दुसरा हात जितका उंच जाईल तितका उंच केला.

"अहो," त्या म्हणाल्या, "दिसतेय ना मी?"